फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासून घ्या

ताई, तुम्ही कळवलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे असाच त्रास असलेल्या इतरांनाही संदर्भ लागेल. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तुमच्या घरी २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. मिरग लागल्यापासून, म्हणजे पावसाळा सुरू झाल्यापासून, तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. दोनदा निळी स्क्रीन येऊन मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. अपडेट अर्ध्यावर अडकतं. प्रिंट दिली की रांगेत दिसते, कागद काही बाहेर येत नाही. आणि तुमच्या बाबांनी टाइप करून ठेवलेल्या जत्रेच्या नाटकांच्या संहिता उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टक्क्यांच्या खुणा आणि कंस यांची खिचडी दिसते. दोन वर्षांपूर्वी एकदा मशीन फॉरमॅट झालेलं आहे. आता दुरुस्तीवाले पुन्हा म्हणतात, व्हायरस आहे, फॉरमॅट मारूया, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकूया. मारू का, असं तुम्ही विचारता.

नको. खाली लिहिलेलं सगळं तपासून होईपर्यंत तरी अजिबात नको.

म्हापशात गेली २२ वर्षं मी हेच काम करतो. फॉरमॅट मी स्वतः शेकडो मशीनना मारले आहेत, तेव्हा त्याला माझा विरोध आहे असं नाही. पण फॉरमॅट मारला की नक्की काय बिघडलं होतं हेच पुसलं जातं. बिघाड डिस्कमध्ये असेल, तर नवं विंडोज टाकल्यावर पंधरा दिवस मशीन पळतं आणि मग पुन्हा तेच रडगाणं. दुरुस्तीवाल्यांना मी सरसकट दोष देणार नाही. फॉरमॅटला दोन तास लागतात आणि त्याचा दर ठरलेला असतो. कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि वर ‘नुसतं बघितलंत, त्याचे कसले पैसे?’ असं ऐकावं लागतं.

१९ जुलै २०२४ हा दिवस आठवत असेल. जगभरच्या विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं यांच्या मशीनवर एकाच दिवशी निळी स्क्रीन आली. आपल्या देशातही काही ठिकाणी प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन बंद पडली होती. कारण निघालं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधली एक सदोष फाइल. उपाय काय होता? मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ती फाइल काढायची, रिस्टार्ट करायचं. कारण हातात आल्यावर एकेका मशीनला काही मिनिटं पुरली. निळी स्क्रीन म्हटलं की मला हे उदाहरण आठवतं, आणि गिऱ्हाइकालाही मी तेच सांगतो.

तुमच्या पाच तक्रारींमागे माझ्या अंदाजाने तीन वेगवेगळी कारणं आहेत. सुरू व्हायला उशीर, निळी स्क्रीन आणि अडकणारं अपडेट यांचं मूळ बहुधा एकच आहे आणि ते डिस्कमध्ये आहे. प्रिंटरचं दुखणं स्वतंत्र आणि किरकोळ. संहितांचं कारण मात्र तिसरंच आहे. तो दोन वर्षांपूर्वीच्या फॉरमॅटचाच परिणाम असणार, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. त्यावर शेवटी सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी कॉपी. मशीन जोवर सुरू होतंय तोवरच, आजच. पेन ड्राइव्हपेक्षा बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी: संहिता, मग हिशेब, मग फोटो. सिनेमे आणि गाणी राहिली तरी चालतील. एखादी फाइल कॉपी होताना अडकून बसली तर ती सोडून पुढे जा, तिच्यासाठी डिस्कला पुन्हा पुन्हा ताण देऊ नका. डब्यातून ठरावीक लयीत कट्‌-कट्‌ आवाज येऊ लागला तर मात्र तिथेच थांबा, मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. त्या अवस्थेत प्रत्येक मिनिट नुकसान वाढवतं.

कॉपी करताना ‘सगळं डेस्कटॉपवरच आहे’ यावर विसंबू नका. दुकान सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पेडण्याचे एक वयस्कर कीर्तनकार मशीन घेऊन आले होते. मी डेस्कटॉप कॉपी केला, माय डॉक्युमेंट्स कॉपी केलं, डी ड्राइव्ह तर वेगळाच होता. मग फॉरमॅट मारला. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लिहिलेल्या फाइली प्रोग्राम फाइल्समधल्या आपल्याच फोल्डरमध्ये ठेवत होतं, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. चार वर्षांची निरूपणाची टिपणं गेली. ते रागावले नाहीत. ‘परत येणार नाही ना ते?’ एवढंच विचारलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला मशीनसमोर बसवतो आणि म्हणतो, तुम्ही शेवटचं जे लिहिलंत ते मला उघडून दाखवा. फाइल उघडली की मेन्यूत ‘सेव्ह अ‍ॅज’ दाबायचं. ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते तिथे दिसतं. तुम्हीही तुमच्या रोजच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये हे करून बघा. टॅली असेल तर त्याचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड यांचीही तजवीज करा.

आता डिस्क. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. खाली ‘मोअर डिटेल्स’ दिसलं तर ते दाबा आणि परफॉर्मन्स हा टॅब निवडा. डावीकडे डिस्कवर क्लिक केलं की दोन गोष्टी बघायच्या. डिस्क किती टक्के व्यग्र आहे, आणि तिचा सरासरी प्रतिसाद किती मिलिसेकंदांचा आहे. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं १०० टक्के दिसणं साध्या डिस्कवर नेहमीचंच. पण अर्ध्या तासानंतरही १०० टक्के, वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला जेमतेम एखादा एमबी आणि प्रतिसाद शेकडो मिलिसेकंद, असं चित्र असेल तर डिस्क थकली आहे. धडधाकट साध्या डिस्कचा प्रतिसाद सहसा दहा-वीस मिलिसेकंदांच्या आसपास असतो.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम वापरा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तीच तो वाचून दाखवतो. बाकीच्या आकड्यांकडे तुम्हाला बघायची गरज नाही, तीनच ओळी बघा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे): बदललेले सेक्टर, दुरुस्तीच्या प्रतीक्षेतले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. तिन्ही शून्य हवेत. दुसऱ्या ओळीत शून्य सोडून काहीही असेल तर डिस्कचा काही भाग वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ. प्रोग्राम तेव्हा पिवळ्या रंगात सावधानतेची खूण दाखवतो.

इथे एक चूक फार जण करतात. पिवळी खूण दिसली की कुणीतरी सांगतं, चेकडिस्क चालवा. ती आज्ञा खराब सेक्टर शोधण्याच्या पर्यायासह दिली की संपूर्ण डिस्क कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत वाचते, त्याला कित्येक तास लागतात. धडधाकट डिस्कला त्याने काही होत नाही, पण शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्याच ओझ्याखाली बसते. म्हणून आधी कॉपी, मग तपासणी, आणि सेक्टर खराब निघाले तर चेकडिस्क नाहीच. सरळ नवी डिस्क.

मशीनने काय भोगलंय ते बघायला इव्हेंट व्ह्यूअर नावाची जागा आहे. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक केलं की यादीत सापडते. तिथे विंडोज लॉग्ज, त्याखाली सिस्टम. पहिल्यांदा उघडल्यावर लाल-पिवळ्या नोंदी बघून माणूस घाबरतो. घाबरू नका, चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही त्या भरपूर असतात. आपल्याला चारच क्रमांक शोधायचे आहेत. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली. १५३ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तेच काम पुन्हा करावं लागलं. ५५ म्हणजे फाइलींची रचनाच बिघडलेली आढळली.

मागच्या महिन्यात डिचोलीच्या एका किराणा दुकानाचं मशीन आलं होतं, त्याच्या नोंदी खालून वर वाचल्या तेव्हा गोष्टच समोर उभी राहिली. एका संध्याकाळी तासाभरात तीनदा ४१. दुसऱ्या दिवशी सकाळी ५५. मग आठवडाभर काहीच नाही. मग रोज पाच-सहा वेळा १५३, आणि शेवटी ७. मालकाला विचारलं तेव्हा त्यांना आठवलं, त्या संध्याकाळी तारेवर फांदी पडली होती आणि लाइट येत-जात होती. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेलेली होती.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही गोष्ट घरोघरी घडते, म्हणून थोडं थांबून सांगतो. ४१ ही नोंद स्वतः कारण नसते, ती फक्त सांगते की मशीनला निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही. लाइट गेली तेव्हा विंडोज अपडेटच्या फाइली लिहीत असेल तर त्या अर्धवट राहतात. विंडोजची फाइल-व्यवस्था आपली रचना सावरण्यासाठी नोंदवही ठेवते, त्यामुळे बहुतेक वेळा ती स्वतः उठून उभी राहते. पण अर्धवट लिहिलेल्या फाइलीच्या आतला मजकूर त्या नोंदवहीतून परत येत नाही. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते आणि दिवा हिरवाच राहतो, म्हणून कुणाला कळत नाही. एखाद्या निवांत दुपारी सगळं सेव्ह करून यूपीएसची भिंतीकडची पिन स्वतः काढा आणि घड्याळ बघा. तीन मिनिटंही मशीन तग धरत नसेल तर बॅटरी बदला. आणि लाइट गेल्यावर ‘एवढं एक पान पुरं करते’ म्हणत बसू नका, ती मिनिटं मशीन नीट बंद करण्यासाठी आहेत.

बंद करण्यावरूनच आठवलं. तुम्ही लिहिलंय, ‘रोज रात्री बंद करते, तरीही’. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयू निवडा, तिथे ‘अप टाइम’ दिसेल. पुष्कळांच्या मशीनवर तो आकडा वीस-पंचवीस दिवसांचा निघतो. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलं, आणि तेव्हापासून ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. ‘रिस्टार्ट’ केल्यावरच सगळं कोरं सुरू होतं. त्यामुळे काही विचित्र वागू लागलं तर बंद-चालू करण्यापेक्षा एकदा रिस्टार्ट करून बघायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटणाच्या सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप बंदही करता येतं. आपल्याकडची लाइट बघता मी बहुतेक डेस्कटॉपवर ते बंदच ठेवतो.

निळी स्क्रीन पुन्हा आली तर पहिलं काम, मोबाइलने फोटो. खाली ‘स्टॉप कोड’ म्हणून इंग्रजीत शब्द लिहिलेले असतात, तेवढे वाचता आले पाहिजेत. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर विंडोजला डिस्कवरून हवं ते वाचता आलं नाही, आणि माझा संशय पक्का झाला. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर रॅमकडे बघायला हवं. पावसाळ्यात दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटं चढतात. मशीनची पिन काढून, रॅम उतरवून त्या पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, चुरा झटकायचा आणि रॅम टक्‌ आवाज येईपर्यंत परत बसवायची. पावसाळ्यात माझ्या दुकानात येणाऱ्या निळ्या स्क्रीनपैकी कितीतरी एवढ्यावर बऱ्या होतात. नंतर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर लावून खात्री करा.

डिस्क ठणठणीत निघाली, तरच विंडोजच्या फाइलींची दुरुस्ती करायची. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. एसएफसी ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ. विंडोज आपल्या मूळ फाइली एकेक तपासतं आणि बिघडलेल्या बदलतं. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असं उत्तर आलं तर डिझम ही दुसरी आज्ञा, ‘रिस्टोअर हेल्थ’ या पर्यायासह, आणि मग पुन्हा एसएफसी. डिझम दुरुस्तीचा माल इंटरनेटवरून आणतं, त्यामुळे नेट चालू हवं. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते, मशीन अडकलं समजून बंद करू नका.

अपडेट अडकण्याची पहिली दोन कारणं साधी असतात: सी ड्राइव्हवर जागा नाही, किंवा आधीचं अर्धवट उतरलेलं अपडेट वाटेत पडलंय. सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळी ठेवा. सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली तात्पुरत्या फाइली काढायची सोय आहे, मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं, त्यावर खूण करू नका. लोकांची कागदपत्रं नेमकी तिथेच असतात. तेवढ्याने भागलं नाही तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर’ या दोन सेवा थांबवायच्या, सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन या फोल्डरचं नाव बदलायचं, सेवा पुन्हा सुरू करायच्या आणि रिस्टार्ट करायचं. विंडोज तो फोल्डर नव्याने बनवतं आणि अपडेट पहिल्यापासून उतरवून घेतं. सगळं सुरळीत झालं की जुना फोल्डर काढून टाका.

अपडेटचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितलं पाहिजे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती मशीनना नाव नोंदवून सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घेता येतात, पण त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते. रनमध्ये ‘विनव्हर’ टाइप केलं की तुमची आवृत्ती कळेल. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तुमचं मशीन अधिकृतपणे बसत नाही. अटी चुकवून ११ टाकून देणारे भेटतील, मी ते सुचवणार नाही. साधी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घाला, रॅम ८ जीबी करा. ती मुदत संपल्यावर, टायपिंग, इंटरनेट आणि प्रिंट एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमचा विचार करा. त्यावर मराठी उत्तम चालतं.

व्हायरस आहे का? असू शकतो, पण तुमच्या लक्षणांतलं एकही मला त्याकडे बोट दाखवत नाही. व्हायरस पकडणारा विंडोजमधला डिफेंडर पुरेसा चांगला आहे, त्याचा ‘ऑफलाइन स्कॅन’ एकदा चालवा. मला जास्त काळजी वाटते ती दोन वर्षांपूर्वी तुमच्या मशीनवर कोणतं विंडोज टाकलं याची. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलं असेल तर ठीक. घरच्या मशीनवर ‘तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेने’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल तर कुणीतरी क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवायची चोरवाट, वापरला आहे. असा क्रॅक चालवण्यासाठी डिफेंडर बंद करावा लागतो, आणि नंतर पुष्कळदा तो बंदच राहतो. तुमचं मशीन एखाद्या कंपनीने तयार करून विकलेलं असेल आणि विंडोजसह घेतलं असेल तर लायसन्स मदरबोर्डमध्येच असतं, पुन्हा पैसे द्यायची गरज नाही. आणि कधी ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत ‘या नंबरवर फोन करा’ असं पान उघडलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, फोन करू नका. कुणी केला आणि पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार द्या.

प्रिंटरचं पटकन सांगतो. आधी प्रिंटर्सची यादी बघा. एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतील आणि एकापुढे ‘कॉपी १’ असेल. साफसफाईत यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत गेली की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजतं आणि तुमची पानं जुन्या नावाकडे जात राहतात. जे खरं चालू आहे त्याला डिफॉल्ट करा, दुसरं काढून टाका, आणि ‘विंडोजला डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या’ ही खूण काढा. रांग अडकलीच असेल तर सर्व्हिसेसमधली प्रिंट स्पूलर ही सेवा थांबवा, विंडोजमधल्या सिस्टम३२ फोल्डरात स्पूल, त्यात प्रिंटर्स हा फोल्डर रिकामा करा, सेवा पुन्हा सुरू करा.

आता संहिता. ताई, त्या बिघडलेल्या नाहीत, एवढं आधी मनाशी धरा.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि विंडोजमध्ये ती विंडोज २०००पासून आली. पण छापखाने, कचेऱ्या आणि घरं यांत त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालले. त्या फॉन्टमध्ये युक्ती अशी होती की फाइलीत साठवलं जायचं इंग्रजी अक्षरच, फक्त फॉन्ट त्या अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढायचा. एका खुणेने काना, दुसरीने वेलांटी, तिसरीने अर्धा त. फॉन्ट मशीनवर आहे तोवर तुम्हाला ‘राजा: प्रधानजी, बोला’ असं दिसतं. फॉन्ट गेला की तळाशी असलेली इंग्रजी अक्षरंच उघडी पडतात. मजकूर पूर्ण शाबूत असतो, तो वाचायची किल्ली तेवढी हरवलेली असते.

आणि ती किल्ली असते विंडोजमधल्या फॉन्ट्स या फोल्डरमध्ये. फॉरमॅटमध्ये नेमका तोच पुसला जातो, कारण कॉपी करताना तो कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या बाबांच्या फाइली त्या वेळी जपल्या गेल्या, फॉन्ट गेला. म्हणून माझी पद्धत अशी की कुठलंही जुनं मराठी मशीन हातात आलं की सी ड्राइव्हवरचा विंडोज, फॉन्ट्स हा अख्खा फोल्डर आधी उचलून ठेवायचा. तुम्हीही आत्ताच्या मशीनचा ठेवा.

वर्डमध्ये एक संहिता उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव दिसतं ते लिहून घ्या. फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव फाइलीत राहतं. ते नाव हीच तुमची खरी माहिती, कारण प्रत्येक फॉन्टची इंग्रजी-मराठी जुळणी वेगळी असते आणि चुकीचा फॉन्ट लावला तर अक्षरं मराठी दिसतील पण शब्द निरर्थक होतील. नेमका फॉन्ट मिळाला की त्यावर उजवं क्लिक, ‘इन्स्टॉल’, आणि संहिता पुन्हा जशीच्या तशी समोर येईल.

तिथे थांबू नका. त्या फॉन्टसाठीचं रूपांतरक वापरून सगळं युनिकोडमध्ये आणा, म्हणजे मोबाइलवरही उघडेल आणि पुढच्या फॉरमॅटला घाबरायचं कारण उरणार नाही. रूपांतरानंतर डोळ्यांत तेल घालून वाचावं लागेल. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र हमखास तुटतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लागते. पहिल्यांदा आठ-दहा पानांचा एकच प्रवेश घ्या, मूळ फॉन्टमधलं छापील पान शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ जुळवा. कोणत्या चुका सारख्या होतात ते कळलं की बाकीच्या संहितांत ‘शोधा आणि बदला’ने त्या एकगठ्ठा सुधारता येतात. मूळ फाइली मात्र हात न लावता तशाच राहू द्या.

नाव कळूनही फॉन्ट कुठे मिळाला नाही तर इंटरनेटवर भटकण्याआधी, जत्रेची पत्रकं आणि नाटकाच्या पत्रिका ज्या छापखान्यात छापता तिथे जा. जुने छापखानेवाले अजूनही पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर त्याच फॉन्टमध्ये काम करतात, आणि बाबांनी ते नाटक टाइप केलं त्या काळचा फॉन्ट त्यांच्या मशीनवर बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. जाताना पेन ड्राइव्हवर एक संहिता घेऊन जा आणि तिथल्याच मशीनवर उघडून बघा.